जुन्या गाडीला नवं स्टिअरिंग : टेंभुर्णीच्या चौकातून एक इतिहास



आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच अडवलं. म्हणाले, "इतिहासाच्या व्याख्यानात हे गॅरेज कुठून घुसलं?" प्रश्न रास्त आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला गड, सनदा, मोडी कागद आठवतात. पण टेंभुर्णीच्या चौकात जरा उभे राहा. इकडून पुणं, तिकडून सोलापूर, वर करमाळा-नगर, खाली पंढरपूर, एका अंगाला अकलूज आणि दुसऱ्या अंगाला कुर्डुवाडी. एवढे रस्ते जिथे मिळतात तिथे गाड्या बिघडणार, आणि गाड्या बिघडतात तिथे मिस्त्री बसणार. या मिस्त्री मंडळींनी गेल्या चाळीस वर्षांत जे केलं, त्याचा एकही कागद नाही. म्हणून त्यातलं एकच काम आज आपण घेऊ या : जुन्या गाडीचं जड झालेलं स्टिअरिंग काढायचं आणि नव्या गाडीचं त्या जागी बसवायचं. तुम्ही त्याला 'स्टेरिंग' म्हणा, आमची हरकत नाही. (हशा)

सुरुवात बैलगाडीपासून करावी लागते, त्याला इलाज नाही. बैलगाडीला दोन चाकं. वळताना आतलं चाक हळू फिरतं, बाहेरचं जोरात. दोन्ही चाकं आसावर सुटी असल्यामुळे गाडीला त्रास होत नाही. वळवण्याचं काम बैल करतात. चार चाकं आली की भानगड सुरू होते. जुन्या चारचाकी घोडागाड्यांना पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरायचा. आजही उसाच्या काही चारचाकी ट्रॉल्या बघा, पुढच्या आसाखाली फिरती चकती असते आणि ट्रॅक्टर वळला की तो आस सगळाच्या सगळा फिरतो. ती रचना घोडागाडीचीच आहे. तिचा दोष असा, की जास्त वळवलं की पुढची बाजू अधांतरी होते आणि गाडी कलंडते. भरलेली ट्रॉली शेताच्या बांधावरून वळवताना काळजाचा ठोका का चुकतो, त्याचं कारण त्या चकतीत आहे.

यावर तोडगा काढला म्युनिकच्या लँकेनश्पेर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्या कारागिरानं, १८१६च्या सुमारास. त्यानं आस जागच्या जागी ठेवला आणि टोकाची दोन चाकं फक्त आपापल्या खिळीवर फिरवली. आतलं चाक जरा जास्त वळतं, बाहेरचं जरा कमी, म्हणजे दोघं एकाच मध्याभोवती फिरतात. चार्ल्स डार्विनच्या आजोबांना, इरॅस्मस डार्विनना, हीच कल्पना त्याच्याही आधी सुचली होती. पण लंडनमध्ये १८१८ साली पेटंट घेतलं ते रुडॉल्फ अॅकरमन यांनी. हे गृहस्थ चित्रं आणि पुस्तकं छापून विकणारे, पेटंटच्या बाबतीत त्या कारागिराचे एजंट. आज सगळं जग या रचनेला 'अॅकरमन' म्हणतं. काम कारागिराचं आणि नाव एजंटाचं, हे फक्त आपल्या तालुक्यात होतं असं समजू नका. (हशा) त्या खिळीला इंग्रजीत जे नाव होतं ते मात्र आपल्या गॅरेजमध्ये अजून जिवंत आहे : किंगपिन. "किंगपिन गेली" हे वाक्य इथल्या प्रत्येक ट्रकवाल्यानं कधी ना कधी ऐकलंय.

आता चालकाचा हात आणि ही चाकं यांच्यामध्ये काहीतरी यंत्र हवं. त्याच्या मुख्य दोन जाती. पहिली म्हणजे पेटी, आपण 'स्टिअरिंग बॉक्स' म्हणतो ती. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे, त्याला वर्म म्हणतात. दांडा फिरला की पेटीतून बाहेर आलेला एक हात झुलतो, तो ड्रॉप आर्म. तो लांब सळई ढकलतो, ती ड्रॅग लिंक. पुढे टाय रॉड, पुढे चाक. दुसरी जात म्हणजे रॅक. लांब दांड्यावर करवतीसारखे दात पाडलेले आणि त्यावर एक लहान दातेरी चाक, ते पिनियन. पिनियन फिरलं की दांडा डावी-उजवीकडे सरकतो आणि दोन टोकांच्या टाय रॉड थेट चाकांना ढकलतात. सांधे कमी, प्ले कमी, वजन कमी.

सगळ्यांना वाटतं की पेटी जुनी आणि रॅक नवी. परदेशात साधारण तसंच घडलं. पण आपल्याकडे हा क्रम उलटासुलटा आहे, आणि त्यात सोलापूर जिल्ह्याचाही थोडा हात आहे.

वालचंद हिराचंद हे नाव आपल्याला वालचंदनगरच्या साखर कारखान्यामुळे माहीत. नदी ओलांडून इंदापूर तालुक्यात गेलं की ते गाव लागतं. पण वालचंदांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. या माणसानं जहाजं काढली, विमानाचा कारखाना काढला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. तिथून १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली. पुढे फियाट कंपनीशी करार झाला, १९६४ला 'फियाट ११०० डिलाइट' आली आणि १९७४पासून तीच 'प्रीमियर पद्मिनी' या नावानं धावू लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. या पद्मिनीचं स्टिअरिंग वर्मच्या पेटीचं.

आणि अँबॅसॅडर? आपल्याकडे साखर कारखान्याचे चेअरमन, जिल्हाधिकारी, मंत्री ज्या गाडीतून उतरायचे ती अँबॅसॅडर कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनायची. ती मूळची इंग्लंडची १९५६ची मॉरिस ऑक्सफर्ड. आणि मंडळी, तिला पहिल्यापासून रॅकच होती! मॉरिस कंपनीनं १९४८ सालीच आपल्या छोट्या 'मायनर' गाडीला रॅक दिली होती. आपल्याकडे धोतर-टोपीची, म्हातारी, सरकारी मानली गेलेली गाडी स्टिअरिंगच्या बाबतीत पद्मिनीपेक्षा पुढची होती. तरी जड लागायची, कारण वजन अकराशे किलोच्या वर आणि मदतीला पंप नाही. तेव्हा "रॅक आली म्हणजे हलकं झालं" हेही खरं नाही. रॅकनं नेमकेपणा येतो. हलकेपणा वजनावर, टायरवर आणि किती फेऱ्यांत चाक वळतं यावर ठरतो.

तिसरी गाडी म्हणजे जीप. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, पुढे ती पूर्ण इथेच बनू लागली. आपल्या भागात खरं राज्य तिचं. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला, उसामागे ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरमागे जीप आली. मग वडाप सुरू झालं. वडाप म्हणजे काय ते या सभागृहात सांगायची गरज नाही. जागा नऊ माणसांची, माणसं अठरा, आणि ड्रायव्हर दाराबाहेर अर्धा लटकलेला, एका हातानं स्टिअरिंग धरून. (हशा) हसू येतं खरं, पण ते स्टिअरिंग पेटीचं होतं, त्यात अर्धा हात प्ले होता आणि त्याच्यावर अठरा जीव होते.

आता मुद्द्याचं सांगतो. १९८३ सालापर्यंत 'जुन्या गाडीत नवा पार्ट' हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ नव्हताच. कारण नवी गाडी म्हणजेच जुनी गाडी होती. १९५३ साली सरकारनं धोरण ठरवलं की ज्यांना इथे गाडी प्रत्यक्ष बनवायची आहे त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. उरल्या मोजक्या कंपन्या, त्यांची मोजकी मॉडेलं, आणि परवान्यानं बांधलेलं उत्पादन. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. त्यामुळे १९६०च्या अँबॅसॅडरला १९८०च्या अँबॅसॅडरचा सांधा बसायचा. मिस्त्रीला एक गाडी आली की दहा गाड्या येत. त्याचं कौशल्य घासलेला भाग पुन्हा चालता करण्यात होतं : बुश ठोकायचा, लेथवर पिन करून घ्यायची, पेटीत शिम घालून प्ले मारायचा.

१४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली गेली. पुढच्या चाकांनीच ओढणारी, साडेसहाशे किलोच्या आसपासची, आणि रॅक असलेली हलकी गाडी. पद्मिनी चालवून मारुतीत बसलेला माणूस पहिल्या वळणाला जास्तच वळायचा, इतकं ते स्टिअरिंग हलकं लागायचं. तिथे आपल्या लोकांच्या मनात तो प्रश्न जन्माला आला : "मिस्त्री, हे त्याचं याला बसतंय का?"

पॉवर स्टिअरिंगची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरनं १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग मोटारीत बसवून दाखवलं. कंपन्यांना ते महाग वाटलं. महायुद्धात जड लष्करी गाड्यांना ते लागलं, आणि मग १९५१ला क्रायस्लरनं ते विकायच्या मोटारीत दिलं. आपल्याकडे ते ट्रक-बसमध्ये आधी रुजलं. त्याचा एक मोठा कारखाना, झेडएफ स्टिअरिंग गिअर, १९८१ साली स्थापन झाला, आणि तो आहे वढू बुद्रुकला. संभाजी महाराजांचं समाधिस्थान असलेलं ते गाव. तिथली भीमा पुढे वाहत आपल्या उजनीत येते. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांना विचारा, पॉवर स्टिअरिंग नसताना भरलेली गाडी स्टँडात वळवायची म्हणजे काय असायचं. सीटवरून अर्धं उठून, छातीचा जोर लावून चाक ओढायचं. कित्येकांचे खांदे त्यात गेले. तेव्हा हा बदल नुसत्या हौसेचा नव्हता, हे ध्यानात ठेवू या.

आमच्या घरी एक जुनी महिंद्रा जीप होती. कडबा, खताची पोती, लग्नाची वऱ्हाडं, आषाढीला पंढरपूरच्या चार फेऱ्या, सगळं तिच्यावर. वडिलांचा खांदा दुखायला लागला तेव्हा घरात ठरलं की स्टिअरिंग बदलायचं. बोलेरो २०००ला बाजारात आली होती आणि काही वर्षांत तिच्या पॉवर स्टिअरिंगच्या पेट्या भंगारात मिळू लागल्या. गाडी ठोकली जाते पण पेटी शाबूत राहते. आम्ही मिस्त्रींना म्हणालो, "पेटी कशाला, रॅकच टाका की मारुतीसारखी." त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं शिक्षक 'ढ' पोराकडे पाहतात. मग जॅक आणला, जीपचं एक चाक उचललं आणि म्हणाले, "बघा, दुसरं चाक पण कलतंय का नाही?"

कलत होतं. कारण जीपला पुढे अख्खा आस आहे, पाट्यांच्या स्प्रिंगवर. एका चाकाखाली दगड आला की सगळा आस तिरपा होतो आणि खालीवर होतो. रॅक तर चासीला बोल्टनं घट्ट. मधे दोन आखूड टाय रॉड. आस वर गेला की त्या टाय रॉड चाकांना आपोआप ओढणार, म्हणजे तुम्ही स्टिअरिंग हलवलं नाही तरी गाडी वळणार. म्हणून अख्ख्या आसाला लांब सळईची पेटी आणि स्वतंत्र हलणाऱ्या चाकांना रॅक, ही जोडी ठरलेली. पेटी मागासलेली म्हणून जीपला राहिली असं नाही. त्या आसाला तीच शोभते.

तर बोलेरोची पेटी बसवली. पंप इंजिनाला जोडायला ब्रॅकेट करून घेतलं, पुलीची ओळ जुळवली, तेलाच्या दोन नळ्या, एक दाबाची आणि एक परतीची. अंगणात जीप फिरवली तर एका बोटावर फिरत होती. वडील खूष. दुसऱ्या दिवशी हायवेला लागलो. सपाटीला छान. पण पुलाच्या सांध्यावरून गेलो की जीप टुणकन डावीकडे जायची. प्रत्येक सांध्याला तेच. हात घट्ट धरला तरी तेच.

परत मिस्त्रींकडे. त्यांच्याकडे ना संगणक ना मशीन. त्यांनी पुढच्या चाकाला एक सरळ पट्टी बांधली, जमिनीवर खडूची रेघ मारली आणि दोघा पोरांना पुढच्या बंपरवर चढून उड्या मारायला सांगितलं. जीप खाली बसली की पट्टीचं टोक रेघेवरून दोन बोटं सरकायचं. मग त्यांनी जे समजावलं ते आम्हाला कॉलेजातल्या भूमितीनं समजावलं नव्हतं. म्हणाले, भिंतीला शिडी टेकवलेली असते ना, तिचं वरचं टोक जरा उचललं की पाय लगेच भिंतीकडे सरकतो. पण तीच शिडी जमिनीवर आडवी ठेवा आणि एक टोक तेवढंच उचला, दुसरं टोक सरकल्यासारखं वाटतच नाही. आमची नवी पेटी चासीवर मूळ जागेपेक्षा वर बसली होती, म्हणून ड्रॅग लिंक उताराला लागली होती, शिडीसारखी. आस वर आला की सळई चाकाला ढकलायची. त्यांनी पेटीची बैठक कापून खाली घेतली, सळई आडवी केली, पुन्हा पोरांना उड्या मारायला लावल्या. पट्टी रेघेवर राहिली.

इंग्रजी पुस्तकांत याला 'बम्प स्टिअर' म्हणतात, त्याची प्रकरणं असतात, आकृत्या असतात. इथे ते खडू, पट्टी आणि दोन पोरं यांच्यावर झालं. स्वतंत्र चाकांच्या गाडीत, म्हणजे पद्मिनी किंवा अँबॅसॅडरमध्ये, हेच तत्त्व जास्त नाजूक होतं. पद्मिनीत प्रत्येक पुढचं चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन हातांवर झुलतं. तिथे रॅक बसवायची तर टाय रॉडचा आतला सांधा त्या दोन हातांच्या बिजागऱ्यांच्या रेषेत यायला हवा, आणि टाय रॉडचा रोखही त्या हातांच्या मेळातला हवा. मारुतीची रॅक मारुतीच्या बिजागऱ्यांच्या मापानं केलेली. तिची लांबी पद्मिनीला जुळली नाही, की बोल्ट सुरेख बसतो आणि गाडी प्रत्येक खड्ड्याला मान हलवते.

अँबॅसॅडरचं त्यापेक्षा सोपं दिसतं, कारण जुनीलाही रॅक आणि नवीलाही रॅक. शेवटच्या काळात तिच्या काही मॉडेलना पॉवर स्टिअरिंगही मिळालं. बॉडी तर १९५७पासून २०१४ला उत्पादन थांबेपर्यंत बहुतेक तीच. मग नवी रॅक जुन्या गाडीत टाकायला अडचण काय? अडचण इंजिनाची. जुन्या गाडीत १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन, नव्या पेट्रोल गाडीत इसुझूचं १८०० सीसीचं. पंप त्या नव्या इंजिनावर बसायचा. जुन्या इंजिनाला पंपाची जागाच नाही, पट्ट्याला वेगळी पुली नाही. काही जण म्हणतात, पंप राहू द्या, नुसती रॅक टाका आणि नळ्यांची दोन तोंडं जोडून टाका. तसं चालतं, पण पॉवरची रॅक कमी फेऱ्यांची असते, पंपाच्या भरवशावर केलेली. पंप नसताना ती मूळच्या रॅकपेक्षा जड लागते. हलकं करायला गेलो आणि जड करून आलो, असा प्रकार.

याहून मजेशीर प्रकार आम्ही एका गॅरेजच्या मागच्या पटांगणात पाहिला. गाव सांगत नाही. एका हौशी मंडळानं रॅक आसाच्या मागं बसत नाही म्हणून पुढं बसवली होती. रॅक डावीकडे सरकली की मागच्या बाजूनं ढकललेलं चाक एका दिशेला वळतं आणि पुढच्या बाजूनं ढकललेलं बरोबर उलट्या दिशेला. मालक मोठ्या थाटात बसले, उजवीकडे स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी डावीकडच्या कडुनिंबावर. (हशा) वेग नव्हता, म्हणून आज हसतोय. त्यांच्या पोरानं तर सुचवलं होतं, "आठ दिवसांत सवय होईल की."

न हसण्याची गोष्टही सांगितली पाहिजे. नव्या पेटीचा दांडा आखूड पडतो किंवा लांब पडतो, त्याचे आटे जुन्या दांड्याशी जुळत नाहीत. मग वेल्डिंगचा मोह होतो. दोन दांडे समोरासमोर ठेवले, टाका मारला, घासून रंग दिला, काम झालं. आमच्या मिस्त्रींनी त्याला साफ नकार दिला. दांड्याच्या पोलादाला कारखान्यात विशिष्ट कडकपणा दिलेला असतो. टाक्याच्या उष्णतेनं टाक्याशेजारचा भाग कुठे ठिसूळ होतो, कुठे मऊ पडतो. तो आज तुटत नाही. सहा महिन्यांनी, भरल्या गाडीत, वळणावर तुटतो. ब्रेक गेला तर हँडब्रेक आहे, गिअर आहे. स्टिअरिंग तुटलं तर त्या क्षणी हातात फक्त चाक राहतं. आमच्या जीपसाठी त्यांनी दुसऱ्या गाडीचा आट्याचा युनिव्हर्सल जॉइंट शोधायला तीन आठवडे घेतले. आम्ही रोज कुरकुरत होतो. जॉइंट अखेर मिळाला तो मुंबईत, कुर्ल्याच्या भंगार बाजारात. ज्या कुर्ल्यात वालचंदांनी गाड्या जोडायचा कारखाना उभारला, त्याच कुर्ल्यात आता गाड्या सुट्या होऊन विकल्या जातात.

प्रत्येकानं असा नकार दिला असं आम्ही म्हणणार नाही. चौकात टाका मारून देणारेही होते, आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे जास्त जायचं, कारण काम दोन तासांत आणि निम्म्या पैशात व्हायचं. मिस्त्रींचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं इतिहासाला धरून होणार नाही.

आता कायद्याचं बघू. मोटार वाहन कायदा १९८८चा, त्यातलं कलम ५२. कंपनीनं ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही, असं २०००च्या दुरुस्तीनं त्यात घातलं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी ठाम केलं. गॅस किटसारखे मंजूर बदल, अपंग व्यक्तींसाठी गाडीत करायचे बदल यांना कायद्यात वाट आहे. पण भंगारातली पेटी आणून जीपला बसवणं त्या वाटेत बसत नाही. म्हणजे आम्ही आत्ता तुमच्यासमोर घरच्या गुन्ह्याची कबुली देतोय असं समजा. (हशा) गंमत बाजूला ठेवली तरी, अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. कायद्याचं चुकलं असं आमचं म्हणणं नाही. टाका मारलेला दांडा आणि तीन आठवडे शोधलेला जॉइंट, बाहेरून रंग दिला की दोन्ही सारखे दिसतात. तपासणाऱ्यानं कशावरून ओळखायचं? आमची तक्रार इतकीच, की ओळखण्याची पद्धत आपण कधी तयारच केली नाही. खडूची रेघ आणि पट्टी वापरून ही तपासणी पाच मिनिटांत होत होती. ती कुठल्या आयटीआयच्या पुस्तकात आली नाही.

आणि आता ही सगळी कला वेगळ्याच कारणानं संपत चाललीय. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीनं आपल्या 'सर्व्हो' या छोट्या गाडीत विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग दिलं. तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही. दांड्यालाच मोटार. नव्या शतकात ते मारुतीच्या गाड्यांतून आपल्याकडे आलं आणि आज बहुतेक नव्या मोटारींत तेच आहे. जुन्या गाडीत ते बसवणं वरवर फारच सोपं, कारण दांडाच बदलायचा, खालची रॅक किंवा पेटी तशीच. जिप्सीवाल्यांनी असे बरेच प्रयोग केले. पण त्या मोटारीला एक छोटा संगणक असतो. गाडी किती वेगानं चाललीय, इंजिन सुरू आहे का, हे त्याला वायरीतून कळावं लागतं. जुन्या गाडीत ती वायरच नाही. कळलं नाही तर तो मदत बंद करतो, किंवा एकाच ठरावीक जोरानं मदत देत राहतो. मग शंभरच्या वेगाला स्टिअरिंग इतकं हलकं लागतं, की शिंक आली तरी लेन बदलेल. इथे खडूची रेघ कामाची नाही. इथे वायरिंगचा नकाशा हवा, आणि तो कंपनी चौकातल्या गॅरेजला देत नाही.

जुन्या गाड्याही जात आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी गाड्या मोडीत काढायचा नियम लागू झाला. तहसील कचेरीच्या मागे चाकं बसलेल्या जीपची जी रांग असायची, ती आता दिसायची नाही. मिस्त्रींची पुढची पिढी आहे, पण ती अलाइनमेंटच्या मशीनसमोर उभी आहे. पडद्यावर हिरवं आलं की गाडी बाहेर. मशीन उभ्या गाडीची चाकं मोजतं. गाडी खड्ड्यात गेल्यावर चाक काय करतं, हे बघायला अजूनही बंपरवर दोन पोरंच चढवावी लागतात.

आमची जीप वडील गेल्यानंतर विकली. काढलेली मूळ पेटी मात्र गोठ्याच्या कोपऱ्यात आहे, ड्रॉप आर्मसकट. तिला आम्ही आज इथे पोत्यात गुंडाळून आणलीय. व्याख्यान संपल्यावर ज्यांना हात लावून वर्म कसा फिरतो ते बघायचं असेल त्यांनी पुढं यावं. तेल गळतं, तेवढे कपडे सांभाळा.

प्रश्न असतील तर घेऊ. हं, मागून विचारतायत, "ट्रॅक्टरला नंतर पॉवर स्टिअरिंग बसवलं तर भरल्या दोन ट्रॉल्यांना फायदा होईल का?" हाताला होईल. पण दोन ट्रॉल्यांच्या ओझ्यानं ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं, तेव्हा पुढची चाकं जमिनीला नीट टेकलेलीच नसतात. त्या वेळी स्टिअरिंग साधं असो की पॉवरचं, गाडी वळणार नाही. उलट साध्या स्टिअरिंगमध्ये हाताला कळतं की चाक हलकं पडलंय, पॉवरमध्ये तेही कळत नाही. आधी पुढं वजन टाका, नाहीतर एक ट्रॉली कमी करा.